पंचनाम्यात नाव नाही, किटच्या रांगेत मात्र पहिला नंबर

वैनगंगेचे पाणी ओसरले की आपल्या वस्तीत दोन प्रकारची माणसे येतात. एक तलाठी आणि दुसरे दाते. तलाठी एकदाच येतो, रस्त्यावरून पाहतो, कोतवालाला दोन प्रश्न विचारतो आणि निघून जातो. दाते आठवडाभर येत राहतात. पाच किलो तांदूळ, एक किलो डाळ, तेलाची पिशवी, ब्लँकेट, ताडपत्री. बॅनर धरायला दोन पोरे, फोटो काढायला एक, आणि समोर चिखलात रांगेने उभ्या असलेल्या आपल्या आयाबहिणी. गेल्या काही वर्षांत या बॅनरांमध्ये निळे बॅनरही दिसू लागले आहेत. हा लेख त्या निळ्या बॅनरवाल्या आपल्याच पोरांसाठी आहे. बाकीच्यांशी आमचे भांडण जुनेच आहे.

आधीच सांगून टाकतो, म्हणजे गैरसमज नको. पुराच्या पहिल्या तीन-चार दिवसांत जो भाकरी घेऊन येतो, डोंगा घेऊन येतो, त्याला आम्ही नावे ठेवत नाही. तो कोणत्या जातीचा, कोणत्या पक्षाचा हेही विचारत नाही. चूल भिजलेली असताना कलम आणि नियम सांगत बसणारा माणूस मूर्ख असतो. आमचा प्रश्न पाचव्या दिवसापासून सुरू होतो. पाणी गेले, गाड्या गेल्या, भिंत पडलेली आहे. आता घर कोण बांधणार, कशाच्या आधारावर बांधणार, आणि ते कोणाचे देणे आहे?

दात्यांचा एक आवडता शब्द आहे: निसर्गाचा कोप. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस मध्य प्रदेशात पाऊस कोसळला, तिकडच्या धरणांतून पाणी सुटले आणि गोसेखुर्दचे ३३ च्या ३३ दरवाजे उघडावे लागले. भंडाऱ्यापासून ब्रह्मपुरी, वडसा, आरमोरीपर्यंत वैनगंगा गावांत शिरली. लाडजसारखे नदीने वेढलेले गाव जगापासून तुटले. कोरोनाचे दिवस होते, मजुरी आधीच बुडालेली होती. आता सांगा, यात पाऊस निसर्गाचा, हे मान्य. पण धरण कोणी बांधले? कोणता दरवाजा कधी आणि किती उघडायचा हे कोण ठरवते? खालच्या गावाला किती तास आधी सांगायचे हे कोणाचे काम आहे? ही सगळी माणसांची कामे आहेत, पगारी माणसांची.

सिरोंच्यात तर हे आणखी उघड आहे. गोदावरीवर मेडीगड्डाचा ८५ दरवाजांचा बंधारा २१ जून २०१९ रोजी सुरू झाला. पाणी तेलंगणाच्या शेतीसाठी, आणि फुगवटा महाराष्ट्राच्या काठावर. जुलै २०२२ मध्ये गोदावरी आणि प्राणहिता चढल्या तेव्हा सिरोंचा तालुक्यातल्या काठच्या गावांनी घरेदारे सोडली. बुडालेल्या जमिनीच्या मोबदल्यासाठी तिथल्या शेतकऱ्यांना आंदोलने करावी लागली. त्याच पावसाळ्यात चंद्रपूर शहरात इरईच्या काठच्या वस्त्या पाण्यात गेल्या. नदीकाठी रचलेल्या कोळसा खाणींच्या मातीच्या ढिगांनी पात्र आवळले आहे, ही चंद्रपूरच्या पर्यावरण कार्यकर्त्यांची कितीतरी वर्षांची तक्रार आहे. आणि मग होते काय, तर कंपन्या सीएसआरमधून पूरग्रस्तांना किट देतात. २०१९ पासून कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत आपत्तीतली मदत आणि पुनर्वसन हा सीएसआरचा अधिकृत विषय आहे. म्हणजे ज्याच्यावर देणे निघू शकते तोच दाता म्हणून स्टेजवर बसतो, आणि आपण त्याला पुष्पगुच्छ देतो. किटचे पहिले काम पोट भरण्याचे असेल, पण दुसरे काम देणेकऱ्याला लपवण्याचे आहे.

आता कागदाकडे वळू. तलाठ्याच्या त्या एका फेरीत काय ठरते ते आपल्या किती कार्यकर्त्यांना माहीत आहे?

आपत्तीच्या मदतीचे केंद्राचे निकष आहेत. २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या निकषांत पूर्ण पडलेल्या घराला, मग ते पक्के असो की कच्चे, सपाट प्रदेशात १ लाख २० हजार आणि डोंगराळ भागात १ लाख ३० हजार रुपये आहेत. कच्चे घर अंशतः पडले, म्हणजे किमान १५ टक्के पडझड झाली, तर ४ हजार. आणि झोपडी असेल तर ८ हजार. झोपडी म्हणजे काय? गवत, माती, प्लास्टिक वगैरेंनी केलेला, कच्च्या घरापेक्षाही हलका तात्पुरता निवारा. आता आपल्या वस्तीतले कुडाचे घर डोळ्यांसमोर आणा. बांबूच्या कुडाला माती लिंपलेली, वर कवेलू किंवा तणस, तीन पिढ्या त्यात जन्मल्या आणि मेल्या. हे कच्चे घर की झोपडी? तलाठ्याच्या पेनने ‘कच्चे’ लिहिले तर सव्वा लाखाच्या घरात आणि ‘झोपडी’ लिहिले तर आठ हजारांत. हा एक शब्द लिहिला जातो तेव्हा तिथे कोण उभे असते? आपली पोरे तेव्हा चौकात किटचा ट्रक उतरवत असतात.

दुसरी गोष्ट मातीच्या भिंतीची. ज्याने मातीचे घर पाहिले आहे त्याला माहीत आहे की ती पाण्यात असताना पुष्कळदा उभी राहते. पाणी उतरते, ऊन पडते, भिंत सुकू लागते, तडा जातो आणि आठ-दहा दिवसांनी रात्री केव्हातरी ती बसते. तोवर पंचनामा ‘अंशतः’ लिहून तालुक्याला पोचलेला असतो. चार हजार रुपये. पुन्हा पंचनामा करा म्हणून अर्ज करायचा असतो, हे त्या कुटुंबाला कोणी सांगत नाही. ही माहिती पाच किलो तांदळापेक्षा कितीतरी जड आहे, पण तिचा फोटो निघत नाही.

आणि तिसरी अट सगळ्यांत वाईट. पडलेले घर हे सक्षम अधिकाऱ्याने प्रमाणित केलेले अधिकृत बांधकाम असले पाहिजे, असे निकषांत लिहिले आहे. अधिकृत! चंद्रपूर-गडचिरोलीत, जिथे जमिनीचा मोठा भाग वनखात्याच्या ताब्यात आणि उरलेल्यातला पुष्कळ झुडपी जंगल म्हणून नोंदलेला, तिथे भूमिहीन माणसाने घर बांधायचे कुठे? नदीकाठी, नाल्याच्या कडेला, झुडपीत, गायरानात. गावठाणातली उंच जागा आधीच ज्यांची आहे त्यांची आहे. पूर पहिल्यांदा कोणाच्या घरात शिरतो हे पाणी ठरवत नाही, गाव वसवताना कोणाला कुठे बसवले त्यावरून ठरते. ज्या व्यवस्थेने आम्हाला सखल जागेत ढकलले तीच आता विचारते की या जागेचा कागद कुठे आहे.

झुडपी जंगलाचे प्रकरण तर ताजे आहे. २२ मे २०२५ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने पूर्व विदर्भातल्या सहा जिल्ह्यांतील झुडपी जंगल हे वनच आहे असे ठरवले. १२ डिसेंबर १९९६ पूर्वी अधिकाऱ्यांनी वाटप केलेल्या जमिनी नियमित करून घेण्याची वाट न्यायालयाने राज्याला ठेवली आहे. ठीक आहे. पण वाटपाचा कागद ज्याच्याकडे आहे त्याच्यासाठी ही वाट आहे. जो वाटप न होताच तीस-चाळीस वर्षे राहतो आहे, त्याचे काय? या निकालावर शहरांत चर्चासत्रे झाली. आपल्या वस्त्यांत घरोघरी जाऊन कोणाकडे कोणता कागद आहे याची यादी किती गावांत झाली?

जबरानजोतीचेही तेच. आपले शेकडो लोक पिढ्यान्‌पिढ्या जबरानजोत कसतात. धान रोवतात, बांध्या घालतात, सातबारा मात्र नाही. पुराने रोवणी वाहून गेली की नुकसानभरपाई सातबाऱ्याच्या मागे जाते. ठेक्याने किंवा बटईने कसणाऱ्याचे तर नावच नसते. पीक त्याचे बुडते, पैसे मालकाच्या खात्यात. वनहक्क कायदा आला तेव्हा आशा वाटली होती. गोंड, माडिया बांधवांना त्या कायद्याने काही तरी दिले, मेंढा-लेखाने २००९ मध्ये सामूहिक हक्क मिळवून देशाला वाट दाखवली, आणि याचा आम्हाला आनंद आहे. पण जो आदिवासी नाही, त्याला १३ डिसेंबर २००५ च्या आधीची तीन पिढ्यांची, म्हणजे ७५ वर्षांची वहिवाट दाखवायची आहे. १९३० पासूनची! १९३० मध्ये या भागात मालगुजार आणि जमीनदार होते. महाराच्या हातात पावती ठेवणारा एक तरी मालगुजार कोणी पाहिला होता का?

ज्यांच्याकडे जमीनच नाही, फक्त हात आहेत, त्यांचे नुकसान तर कोणी मोजतही नाही. धान बुडाले म्हणजे निंदण बुडाले, कापणी बुडाली, बांधणी बुडाली, म्हणजे एका बाईची दोन-तीन महिन्यांची मजुरी गेली. उपजीविका बुडालेल्या कुटुंबांना ठरावीक दिवस मनरेगाच्या मजुरीच्या दराने साहाय्य देण्याची तरतूद त्याच निकषांत आहे. ही तरतूद वैनगंगेच्या काठावरच्या किती मजूर बायांच्या कानावर गेली असेल? ब्लँकेट मात्र प्रत्येकीकडे तीन-तीन आहेत.

पुनर्बांधणीत काय घडू शकते याचा महाराष्ट्रातला सर्वांत मोठा धडा किल्लारीचा आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात सुमारे आठ हजार माणसे गेली. जागतिक बँकेचा पैसा आला, देशभरातून देणग्या आल्या, संस्थांनी गावे दत्तक घेतली, ५२ गावे नव्या जागी वसवली. घरे कशी वाटली? जमिनीच्या मापाने. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतवाल्याला २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्याला ४००, आणि सात हेक्टरच्या वर असेल त्याला ७५० चौरस फूट. लक्षात घ्या, भूकंपाने सगळ्यांची घरे एकाच रात्री पाडली होती. कोऱ्या जमिनीवर नवे गाव आखायची संधी होती. तरी जुना सातबारा ढिगाऱ्यातून काढून नव्या नकाशावर ठेवला गेला. ज्याची जमीन मोठी त्याचे घर मोठे, आणि मराठवाड्यात जमीन कोणाकडे होती आणि कोणाकडे नव्हती हे वेगळे सांगायला नको. दात्यांनी यावर प्रश्न विचारला नाही, कारण दात्याला बांधलेल्या घराचा आकडा हवा असतो. देशात इतरत्रही असेच. २००१ चा गुजरातचा भूकंप आणि २००४ ची तामिळनाडूतली त्सुनामी, दोन्ही वेळी दलितांना छावणीत आणि वाटपात वेगळे वागवल्याच्या तक्रारी नोंदल्या गेल्या आहेत. लाट जात पाहत नाही असे म्हणतात. छावणीचा व्यवस्थापक पाहतो.

यावर आपलेच काही मित्र म्हणतील की, आम्ही तर आपल्याच लोकांना देतो, त्यात जातीयवाद कुठे आला? आणि दान ही तर धम्माची पहिली पारमिता आहे. दान पारमिता आम्हालाही ठाऊक आहे. त्या दानात घेणाऱ्याच्या चेहऱ्याचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकायचे कुठे सांगितले आहे ते दाखवा. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात पूर आला तेव्हा मदतीच्या किटवर नेत्यांचे फोटो छापले म्हणून आपण समाजमाध्यमांवर त्यांची धुलाई केली, ती योग्यच होती. मग आपल्या मंडळाच्या अध्यक्षाचा फोटो त्या पिशवीवर आला की ते दान कसे होते?

खरा मुद्दा फोटोचाही नाही. बाबासाहेबांनी हा वाद १९३२ मध्येच निकालात काढला आहे. पुणे करारानंतर अस्पृश्यता निवारणासाठी जी संस्था निघाली, जिचा पुढे हरिजन सेवक संघ झाला, तिचे सरचिटणीस ठक्कर यांना बाबासाहेबांनी नोव्हेंबर १९३२ मध्ये विलायतेला जाताना बोटीवरून सविस्तर पत्र लिहिले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: अस्पृश्यांची दशा त्यांच्यातल्या व्यक्तींच्या दोषांमुळे आहे असे मानाल तर शाळा, वाचनालये, मद्यपानबंदी अशी सुधारणेची कामे कराल. ती दशा भोवतालच्या परिस्थितीमुळे आहे असे मानाल तर नागरी हक्कांची मोहीम काढाल: विहीर, शाळा, चावडी, वाहने खुली करून घ्याल आणि त्यासाठी संघर्षाची तयारी ठेवाल. संस्थेने दुसरा मार्ग घ्यावा असा त्यांचा आग्रह होता. संस्थेने पहिला घेतला. पुढे १९४५ च्या काँग्रेस आणि गांधींवरील ग्रंथात बाबासाहेबांनी हे पत्र छापले आणि त्या सेवेचा हिशेबही मांडला. ज्यांची सेवा करायची त्यांनाच कारभारात जागा न देणारी सेवा काय करते, ते तिथे वाचा. मग आपल्याच मंडळांना त्या सेवा संघाचा निळा अवतार का व्हायचे आहे?

पुराबद्दल तर बाबासाहेब पुस्तकी बोलत नव्हते. व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळताना, १९४३ च्या दामोदरच्या महापुरानंतर, त्यांनी दामोदर खोऱ्याच्या योजनेचे काम हाती घेतले. ८ नोव्हेंबर १९४५ ला कटकच्या परिषदेत ओरिसाच्या नद्यांवर बोलताना त्यांनी पाणी हे संकट मानून वाहून घालवण्याची जुनी दृष्टीच नाकारली आणि साठवण, वीज, सिंचन, जलवाहतूक अशा बहुउद्देशीय योजनेची मांडणी केली. पूर हा त्यांच्या लेखी शासनाच्या नियोजनाचा आणि जबाबदारीचा विषय होता. १६ ऑक्टोबर १९५६ ला चांद्यात ज्यांच्या आजी-आजोबांनी त्यांच्या हातून दीक्षा घेतली, त्यांच्या नातवंडांनी पुराकडे ‘समाजसेवेची संधी’ म्हणून पाहावे, हे आम्हाला पटत नाही.

कायदा आपल्या बाजूने आहे, निदान कागदावर. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ चे कलम १२ वाचा. निवारा, अन्न, पाणी, औषधोपचार, स्वच्छता यांचे किमान मानक, विधवा आणि अनाथांसाठी खास तरतूद, घराच्या नुकसानीसाठी आणि उपजीविका पुन्हा उभी करण्यासाठी साहाय्य. कोविड मृत्यूंच्या प्रकरणात ३० जून २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या कलमातले काम प्राधिकरणावर बंधनकारक आहे, मर्जीचे नाही, असे सांगितले. आणि कलम ६१: मदत आणि भरपाई देताना लिंग, जात, समुदाय, वंश किंवा धर्माच्या आधारावर भेदभाव करता येणार नाही. ‘अधिकृत बांधकामा’ची अट जेव्हा एका गावात आपली आख्खी वस्ती यादीबाहेर टाकते आणि बाकीचे गाव आत ठेवते, तेव्हा ती अट जातीचे नाव न घेता जातीचेच काम करते. कलम ६१ चा आधार घेऊन हा प्रश्न जिल्हाधिकाऱ्यापुढे, गरज पडली तर नागपूर खंडपीठापुढे नेला पाहिजे. आमच्या मते हीच पुढच्या काळातली लढाई आहे. घर अधिकृत आहे की नाही हा महसूल खात्याचा वाद स्वतंत्र चालू द्या. माणूस तिथे राहत होता आणि त्याचे घर पडले, एवढे भरपाईला पुरेसे असले पाहिजे.

‘तोपर्यंत लोकांनी उपाशी मरायचे का?’ असे कोणी तरी विचारेलच. नाही. तांदूळ वाटा. पण त्या पोत्याबरोबर एक वहीही घेऊन जा. वस्तीतले प्रत्येक घर, भिंती किती, छप्पर कशाचे, पाणी किती फूट चढले, किती दिवस राहिले, घरात विधवा किंवा एकटी बाई आहे का, घर कोणाच्या नावावर आहे. पुष्कळ बायांचे घर मेलेल्या सासऱ्याच्या नावावर असते आणि मदत तिथेच अडते. फोटो काढायचेच तर भिंतीचे काढा, तारीख दिसेल असे, आणि भिंत बसली की पुन्हा काढा. पंचनाम्याची यादी ग्रामपंचायतीच्या फलकावर लावून घ्या, ग्रामसभेत मोठ्याने वाचायला लावा. गडचिरोलीचा बहुतेक भाग पेसाखाली येतो, तिथे ग्रामसभेचा आवाज आणखी मोठा आहे आणि गोंड-माडिया बांधव त्यात आपल्यापेक्षा जास्त अनुभवी आहेत, त्यांच्याकडून शिका. यादीत ‘झोपडी’ लिहिले असेल तर हरकतीचा लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा.

एका मंडळाने एका पावसाळ्यात दहा घरांचे शेरे ‘झोपडी’वरून ‘कच्चे घर’ करून घेतले तर वस्तीत दहा लाखांहून जास्त येतात. इतक्या रकमेची किट वाटणारा दाता या दोन जिल्ह्यांत अजून आमच्या पाहण्यात नाही.

हे काम पूर आल्यावर सुरू करून उपयोग नाही. जूनच्या आधी करायचे एक काम तर फारच तातडीचे आहे. वनहक्काच्या नियमांत दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्या माणसांचा लेखी जबाब हा पुरावा म्हणून धरला जातो. आपल्या आजोबांनी कोणती बांधी फोडली, घर कुठे होते, मालगुजाराचा माणूस धान मोजायला कधी यायचा, हे बापाच्या तोंडून ऐकलेली माणसे आता प्रत्येक वस्तीत दोन-चारच उरली आहेत, नव्वदीला टेकलेली. वही घेऊन पहिल्यांदा त्यांच्या खाटेजवळ जा.